पांढऱ्या भाताचं गाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा जनावरं बोलायची आणि माणसं, क्वचित का होईना, त्यांचं ऐकायची. लहानांनी पुढे सरकावं, मोठ्यांनी भिंतीला टेकून बसलं तरी चालेल. गोष्ट थकलेल्या माणसांची आहे, त्यामुळे मी ती सावकाश सांगणार. ज्याला घाई असेल त्याने आत्ताच उठावं, मला राग येणार नाही.

एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं. गावाला भाताची शेतं होती, बारमाही पाणी होतं आणि एका गोष्टीचा गर्व होता. त्या गावातल्या बायकांइतका पांढरा तांदूळ साऱ्या राज्यात कुणी कांडत नसे.

हा गर्व उगीच आला नव्हता. एकदा त्या वाटेने एक राणी चालली होती. ऊन झालं म्हणून ती एका घरी थांबली. घरच्या बाईने तिला पान वाढलं. राणी पानाकडे पाहून म्हणाली, "बाई, हा भात वाढलास की मोगऱ्याची फुलं?" एवढं बोलून राणी जेवली, पालखीत बसली आणि बहुधा पुढच्या वळणावर ते विसरूनही गेली. गाव मात्र विसरलं नाही. मोठ्या माणसाचं एक वाक्य लहान गावाला किती पिढ्या पुरतं, ते तुम्ही जाणताच.

तेव्हापासून गावात एक प्रथा पडली. प्रत्येक घराच्या दाराशी एक काळा दगड असे. त्या दिवशी जो तांदूळ शिजायचा असेल, त्यातला मूठभर घरातली बाई सकाळी त्या दगडावर मांडून ठेवी. काळ्यावर पांढरं चटकन उठून दिसे. येणारेजाणारे बघत, मान डोलावत. ज्या घरचा तांदूळ तांबूस दिसे, त्या घरी सोयरीक करायला लोक कचरत. तांबूस तांदूळ म्हणजे घरातली बाई आळशी, असा सरळ हिशेब होता.

भात एकदा कांडला की वरचं तूस निघतं आणि आत तांबूस दाणा राहतो. कोणत्याही दुसऱ्या गावी बायका इथेच थांबत आणि चूल पेटवत. या गावच्या बायका थांबत नसत. त्या पुन्हा कांडत, पाखडत, परत कांडत. दाण्याची तांबूस साल कोंडा होऊन सुपातून उडे आणि दाणा दुधासारखा होई. मग तो रोवळीत घालून पाणी नितळ होईपर्यंत धूत, भरपूर पाण्यात शिजवत आणि वरची पेज वेळून टाकत. कोंडा आणि पेज दोन्ही गोठ्यात जात. म्हशी दूध भरपूर देत, पण दूध बाजाराच्या गावी विकलं जाई.

असा भात गावकरी चिंचेच्या पातळ कालवणाशी खात. बाकी काही खाणं त्यांना कमीपणाचं वाटे. कुळीथ घोड्याला, पाला शेळीला, कोंडा म्हशीला आणि पांढरा भात माणसाला, अशी त्यांनी सृष्टीची वाटणी करून टाकली होती.

आणि मग गावात थकवा आला.

तो ताप नव्हता, पटकी नव्हती. आला तो कुणाला कळलाही नाही. माणसं सकाळी उठत तीच दमलेली. नांगरावर हात ठेवला की पाय जड होत. तळव्यांना मुंग्या येत. नदीवरून घागर आणताना बायका वाटेत बसत आणि पुन्हा उठायचं म्हटलं की त्यांना रडू येई. पुढे पुढे पाय सुजत. पोटरीवर बोट दाबलं तर खळगा पडे आणि तो भरायला बराच वेळ लागे. छाती धडधडे. मग एखाद्या दिवशी, चार पावलं चालताना, ते माणूस तिथेच संपे.

गावात एक म्हातारे वैद्यबुवा होते. माणूस भला, रात्रीअपरात्री धावून येणारा. त्यांनी खूप विचार केला आणि सांगितलं, "पोट दमलंय. दमलेल्या पोटाला हलकं अन्न द्यावं. तांदूळ जितका पांढरा, तितका हलका. आजाऱ्याला नीट कांडून द्या."

झालं. ज्या घरी माणूस आजारी, त्या घरची मुसळं दिवसभर धपधप वाजू लागली. जिचं माणसावर जास्त प्रेम, ती जास्त कांडे. आणि जी जास्त कांडे, तिचं माणूस आधी जाई. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात येण्याइतकं बळ कुणाकडे उरलं नव्हतं, असंच म्हणायला हवं.

त्या गावात गोजरा नावाची एक बाई होती. तिचा नवरा असाच गेला. तो आजारी असताना तिने त्याच्यासाठी असा तांदूळ कांडला होता, की शेजारणी बघायला येत. "आक्का, हा दाणा नव्हे, मोती आहे गं," असं म्हणत. नवऱ्याने शेवटचा घास खाल्ला तोही त्या मोत्यांचाच. गोजरा स्वतःची समजूत घाले की आपण कशातही कमी पडलो नाही. तेवढ्यावर ती तग धरून होती.

आणि नवऱ्याचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोच तिचा एकुलता एक मुलगा धर्मा अंगणात खेळता खेळता बसला आणि म्हणाला, "आई, माझे पाय माझं ऐकत नाहीत."

गोजराने त्याच्या पोटरीवर बोट दाबलं. खळगा पडला. ती त्या खळग्याकडे बघत राहिली.

त्याच दिवसापासून तिने मुसळ हातात घेतलं. पण आता ती स्वतः थकली होती. तिच्याही पायांना मुंग्या येत होत्या, हात खांद्याच्या वर जात नव्हते. ती दोनदा मुसळ मारी आणि उखळाच्या कडेला डोकं टेकून श्वास घेई. तरी कांडत राही. आई होती, दुसरं काय करणार?

एका सकाळी मात्र तिने पहिलं कांडण कसंबसं पुरं केलं, तूस पाखडलं आणि दुसऱ्या कांडणासाठी मुसळ उचलायला गेली, तर ते उचलेच ना. तिने दोन्ही हात लावले. मुसळ जागचं हललं नाही. ती उखळापाशी बसून रडली. पण आत पोर भुकेलं होतं आणि रडून चूल पेटत नाही. तिने तो तांबूस तांदूळ तसाच भांड्यात घातला. धुवायला नदीवर जायचं त्राण नव्हतं, म्हणून ओंजळभर पाण्याने विसळला. वेळायला जड भांडं कलतं करवेना, म्हणून पेज त्यातच आटू दिली.

ताटात तांबूस, चिकट गोळा पडला. धर्मा म्हणाला, "आई, हे काय?"

"डोळे मिटून खा," गोजरा म्हणाली. "आणि बाहेर कुणाला सांगू नको, बाळा. तुला बापाची शपथ."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आजारी पोराला आपण म्हशीचं खाणं वाढलं. लोकांना कळलं तर? मडक्याच्या तळाशी नवऱ्याच्या आजारपणातला मूठभर पांढरा तांदूळ उरला होता. तिने तोच दारातल्या काळ्या दगडावर मांडला. तिन्हीसांजेला हळूच उचलून आणला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच मांडला.

उद्या बरं वाटेल, मग नीट कांडीन, असं ती रोज म्हणे. उद्या काही बरं वाटेना आणि तांबूस भात रोज शिजत राहिला. दगडावर पांढरा, ताटात तांबूस.

पण थोड्याच दिवसांत धर्मा भिंतीला धरून उभा राहिला. मग भिंत सोडून. पंधरवडाभरात तो अंगणात कोंबडीमागे धावत होता. गोजरालाही जाणवलं की घागर वाटेत न टेकता घरापर्यंत येते आहे. तिने देवाला हात जोडले आणि देवाने ते हसून स्वीकारले असतील. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय देवाला रोजच मिळतं.

एकदा ती म्हशीला चारा घालत होती. म्हैस चाऱ्याला तोंड लावीना. तिने गोजराकडे बघून एक मोठा उसासा टाकला.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"का गं?"

"मला टोपलीभर कोंडा मिळायचा. आता चिमूटभर मिळत नाही. दूध तर मी कधी चोरलं नाही."

"माझ्याच्याने कांडवत नाही गं आताशा," गोजरा म्हणाली. "एकदाच कांडते आणि शिजवते. कोंडा दाण्यालाच चिकटून राहतो."

"असं होय," म्हैस म्हणाली. "म्हणजे माझा कोंडा तुझं पोरगं खातं. तरीच माझी धार आटायला लागली आणि ते उड्या मारतंय."

गोजराच्या हातातली पेंढी खाली पडली. "काय म्हणालीस?"

म्हशीने रवंथ थांबवला. म्हैस रवंथ थांबवते तेव्हा बोलणं गंभीर आहे असं समजावं. "मी इथून रोज तुझी चूल बघते," ती म्हणाली. "चुलीत सुकी लाकडं रचलीस आणि विस्तव घातला नाहीस, तर भात शिजेल?"

"कसा शिजेल?"

"अंगाचंही तेच आहे. पांढरा भात म्हणजे लाकडं. लाकडं वाईट नसतात. पण ती पेटवायचा विस्तव कोंड्यात असतो आणि तो तुम्ही माझ्या टोपलीत टाकता. वर आणखी आणखी लाकडं पोटात घालता. आत ढीग साचलाय आणि चूल गार. मग पाय कशाच्या जोरावर उचलायचे? छातीने कशाच्या जोरावर चालायचं?"

"तुला हे कसं कळलं?"

"मला दुसरं काम काय आहे?" म्हैस म्हणाली. "मी खाते, मग खाल्लेलं परत तोंडात आणते आणि त्याचा विचार करते. तुम्ही गिळून मोकळे होता. आणि नुसत्या विस्तवावरही घर उभं राहत नाही, बाई. भिंत खचली तर माती लागते. अंग बांधायची माती कुळथात आहे, मुगात आहे. ती घोड्यापुढे ठेवता. पाल्यातही काहीबाही असतं, शेळीला विचार. तुम्ही चांगलं ते सगळं आम्हाला वाटून टाकलंत आणि स्वतःला शोभा ठेवलीत."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

म्हैस जरा ओशाळली. "कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. मग शेपटीने माशी हाकलत म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, कोंडा गोड लागतो."

गोजरा गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसली. "म्हणजे धर्माचे वडील... मी त्यांना इतकं निगुतीने कांडून घातलं..."

म्हैस पुन्हा रवंथ करू लागली.

आता नीट ऐका, कारण गोष्ट इथे वळते. गोजराला आता गावाचा थकवा कशाने जाईल ते कळलं होतं. तिने तेव्हाच चव्हाट्यावर जाऊन ओरडून सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दगडावरचा तांदूळ खोटा होता, हे सांगायचं. ते एक वेळ तिने सांगितलंही असतं. पण त्याच्यामागून दुसरं येत होतं. नवऱ्याला मी माझ्या हाताने कांडून कांडून मारलं, असं मोठ्याने म्हणावं लागणार होतं. ते तिच्या तोंडून निघेना. चार दिवस जाऊ देत, मग बोलू, असं तिने ठरवलं. आपण सगळे असंच ठरवतो.

गोजराच्या घराला भिंत लागून सुंद्राचं घर होतं. सुंद्रा वयाने लहान, हसरी. तिचा नवरा राजाच्या फौजेबरोबर गेला होता आणि परतला नव्हता. घरात ती आणि तिची तान्ही पोर आवडी. सुंद्राचे पाय सुजले होते. पोरीला पाजायला घेतलं तर पोर रडे, आणि रडताना तिचा आवाजही पुरता फुटत नसे.

सुंद्रा एका सकाळी भिंतीला धरत धरत आली. दगडावरच्या पांढऱ्या तांदळाकडे तिने पाहिलं, अंगणात धावणाऱ्या धर्माकडे पाहिलं आणि म्हणाली, "आक्का, तुझा पोरगा उठला. काय केलंस गं? माझ्या पोरीसाठी मला सांग. तुझ्या पाया पडते."

गोजराचे ओठ हलले. खरं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात समोरच्या दारातून दोन बायका बघताहेत असं तिला दिसलं.

"काही नाही गं सुंद्रे," ती म्हणाली. "तांदूळ आणखी थोडा कांडला, इतकंच."

सुंद्राचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं. माझंच कांडणं कमी पडतंय." तिने गोजराचा हात कपाळाला लावला आणि भिंतीला धरत घरी गेली.

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून मुसळाचा आवाज सुरू झाला.

धप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप. सुंद्राला दोन घावांच्या मध्ये किती श्वास घ्यावा लागतोय, ते गोजराला भिंतीच्या अलीकडे कळत होतं. ती धर्माला जेवू घालत होती आणि प्रत्येक घावाला तिचा हात ताटावर थांबत होता. दुपार झाली तरी आवाज चालूच.

"ऐकू येतंय का?" गोठ्यातून म्हैस म्हणाली.

"येतंय," गोजरा म्हणाली.

ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. संध्याकाळी सांगू, तिने मनाशी म्हटलं. समोरच्या बायका आत गेल्या की सांगू. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेहून जास्त भीती. माणूस भित्रा असला की दुष्टपणा करण्यासाठी त्याला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

ऊन उतरलं तेव्हा आवाज थांबला.

गोजराने वाट पाहिली. सुंद्रा दम घेत असेल. आता पुन्हा मारेल. मग आत आवडी रडायला लागली, त्या बिनआवाजाच्या रडण्याने, आणि तिला गप्प करायला कुणी उठेना. तेव्हा गोजरा धावली.

सुंद्रा उखळावर वाकून पडली होती. हात मुसळाभोवती तसेच होते. सुपात तांदूळ होता, गावात आजवर कुणी कांडला नव्हता इतका पांढरा. गोजराने तिला हाका मारल्या, हलवलं, छातीला कान लावला. काही उरलं नव्हतं.

मग मात्र ती ओरडली. लोक जमले, म्हणजे ज्यांना चालता येत होतं ते जमले. गोजराने घरात जाऊन आपलं भाताचं भांडं उचलून आणलं आणि त्यातला तांबूस भात सगळ्यांसमोर आपल्या दारातल्या काळ्या दगडावर उपडा केला.

"हे माझा पोरगा खातो," ती म्हणाली. "रोज. मांडलेला तांदूळ खोटा होता. हे खाऊन तो उठला आणि मीही उठले. आपलं बळ कोंड्याबरोबर गोठ्यात जातंय. आपल्या म्हशी बघा आणि आपली माणसं बघा. मी माझ्या नवऱ्याला पांढरं खाऊ घालून घालवलं. आता पुरे करा."

गर्दीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, शोकाने बाईचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, बाटवलं हिने गावाला. तेव्हा वैद्यबुवा काठी टेकत पुढे आले. त्यांचेही पाय सुजलेले होते. त्यांनी धर्माला जवळ बोलावलं, त्याच्या पोटरीवर बोट दाबलं. खळगा पडला नाही. त्यांनी दगडावरचा घासभर भात उचलला आणि सर्वांदेखत तोंडात घातला.

"मी चुकीचं सांगितलं," म्हातारा म्हणाला. "या चुकीपायी किती गेले, तेही मला ठाऊक आहे. आज चूल पेटवाल ती एका कांडणावर पेटवा."

त्या दिवसापासून गावात मुसळं लवकर थांबू लागली. कुळीथ घोड्याने माणसांबरोबर वाटून खाल्ला. पेज आजाऱ्यांना मिळू लागली. थकवा एका दिवसात गेला नाही. ज्यांचं फार पुढे गेलं होतं ते वाचले नाहीत. पण बाकीचे उठले, आधी बसते झाले, मग चालते झाले. शेतं पुन्हा हिरवी झाली. म्हशींनी थोडे दिवस तोंड फिरवलं, मग गवतावर समाधान मानलं.

आवडीला गोजराने आपल्या घरी आणलं. आधी एका लेकुरवाळ्या शेजारणीने, जिच्या अंगात नव्या जेवणाने बळ आलं होतं, तिला पाजलं. पुढे गोजराने पेज भरवली, मऊ भात भरवला, मुगाचं पाणी पाजलं. पोरीला आवाज फुटला आणि मग ती घर डोक्यावर घेऊ लागली.

गावाने गोजराला डोक्यावर घेतलं. लग्नात पहिलं पान तिचं, बाळाच्या उष्टावणाला पहिला घास तिच्या हातचा. लोक म्हणत, हिने स्वतःची लाज सोडली आणि गाव जगवलं. गोजरा मान खाली घालून ऐके. सुंद्रा त्या सकाळी दारात आली होती आणि तिला काय उत्तर मिळालं होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या अंगाचा थकवा कधीच गेला होता. पण एक दुसरा थकवा तिच्या छातीत बसला होता आणि तो अन्नाने जाणारा नव्हता. लोकांनी हात जोडले की तो वाढे.

आवडी मोठी झाली. तिचं लग्न ठरलं. एकदा ती भात पाखडत बसली होती, गोजरा शेजारी धान्य निवडत होती. आवडीने सहज विचारलं.

"मावशी, एक सांगशील? धर्मादादा बरा होत होता तेव्हा माझी आई भिंतीपलीकडेच होती ना? तिने तुला कधी विचारलं नाही? मी असते तर विचारलं असतं."

नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं आणि मेलेलं माणूस साक्षीला येत नाही. गोजराने हातातलं धान्य खाली ठेवलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. समोरच्या दारातल्या बायका, आपला खोटा शब्द, दिवसभराचा तो आवाज, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येणं. काहीही वगळलं नाही. सांगताना ती रडली नाही, कारण रडून सहानुभूती मागितल्यासारखं होईल असं तिला वाटलं.

आवडी उठली आणि बाहेर गेली. दिवसभर नदीवर बसून राहिली. गोजराने चूल पेटवली नाही, पाणीही घेतलं नाही. दिवस मावळताना आवडी परत आली. तिने भात शिजवला, कुळथाचं पिठलं केलं आणि दोन ताटं मांडली.

"जेव," ती म्हणाली.

"माझ्याने जाणार नाही गं घशाखाली."

"तू खोटं बोललीस म्हणून माझी आई गेली," आवडी म्हणाली. "आणि तू भरवलंस म्हणून मी वाचले. आता हे दोन्ही मला जन्मभर पोटात ठेवायचंय. उपाशीपोटी मला ते झेपायचं नाही. तुलाही नाही. जेव."

दोघी जेवल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, पण ताटं पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी गोजराने हेच सगळं गावासमोर सांगितलं. त्यानंतर लग्नातलं पहिलं पान तिला कुणी मांडलं नाही आणि उष्टावणाला कुणी बोलावलं नाही. आवडी सासरी निघाली तेव्हा तिच्या पाया पडली, गळ्यात मात्र पडली नाही. गोजराच्या छातीतला तो थकवा थोडा उतरला. सगळा उतरला असं मी सांगणार नाही.

तर मुलांनो, आणि पेंगणाऱ्या मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: अन्न असो की खरं बोलणं, चारचौघांत शोभावं म्हणून त्यातलं सत्त्व कांडून काढू नये, जसं आहे तसं आणि वेळेवर वाढावं.